हातमोज्यांच्या नाचाचा पंचनामा

एक मुलगा सिनेमागृहाच्या बोळात उभा आहे. भिंतीला वाळूने भरलेली लाल बादली टांगलेली आहे. मुलाच्या हातात बायकी पर्स आहे.

तराजूच्या पारड्याखाली मेणाचा गोळा सापडला तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, तो तिथं आपोआप आला."

दाढ काढून घेताना माणसाने काय बघावं, याबद्दल दंतवैद्यांचं ठाम मत आहे. त्यांच्या मते कार्टून बघावं.

"माल जुना की नवा?"
"दोन्ही."
"दोन्हीची खिडकी नाही."

अंधार. अंधारात हात. नुसते हात, कोपरापर्यंत पांढरे. माणसं नाहीत.

या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध आहे असं आधी कुणी निरीक्षकांना सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसाचा परवाना तपासला असता.

निरीक्षक म्हणजे वजनमापे निरीक्षक. निवृत्त झाले तेव्हा खुर्ची गेली, शिपाई गेला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. उभ्या नोकरीत त्यांनी पोकळ वजनं पकडली, बुडाशी आतून वर आलेली मापं पकडली, कापडाचे आखडलेले गज पकडले. ते बाजारात शिरले की बाजाराचा आवाज खाली जायचा. अशा माणसाचा घरातही दरारा असायला हवा, आणि तसा तो होता. फक्त घरात एक गोष्ट होती आणि ती गोष्ट ताईकडे होती.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, त्यांच्यापेक्षा चांगली दहा वर्षांनी मोठी. ही गोष्ट तिने निरीक्षकांच्या लग्नात सांगितली. त्यांना बढती मिळाली तेव्हा त्यांच्या साहेबांसमोर सांगितली, आणि साहेबांच्या नाकातून चहा आला. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत सांगितली असती, पण त्या दिवशी सुदैवाने ताईचा घसा बसला होता. गोष्ट अशी:

"छोट्या तेव्हा सात वर्षांचा," ताई सुरू करते. निरीक्षकांना अजूनही छोट्या म्हणणारी जगात ती एकटीच. "गावात तो सिनेमा लागला होता, हॉलिवूडचा. काळा-पांढरा, सगळा नाचगाण्यांचा. पहिल्या आठवड्यात तिकिटं मिळेनात, म्हणून दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी मी याला घेऊन गेले. सगळं गाव लोटलं होतं ते एका नाचासाठी. हातमोज्यांचा नाच. दिवे जातात, मुली दिसेनाशा होतात आणि काळोखात नुसते पांढरे हात उरतात. हातांचं फूल होतं. फुलाचा पक्षी होतो. पक्षी उडून जातो. मग दिवे येतात, आणि तिसरी मुलगी भलतीकडेच तोंड करून उभी असते. तिला असं हसू येतं." इथे ताई ते हसू करून दाखवते. खालचा ओठ दातांत धरायचा, हनुवटी खांद्यात लपवायची. बघणाऱ्यांनाही हसू येतं. "आणि हे सगळं मला मैत्रिणीने सांगितलेलं बरं का, कारण मी काही तो नाच पाहिला नाही. का नाही पाहिला? तर नेमकी तेव्हाच आमच्या छोट्याला घाई लागली. आम्ही बाहेर जाऊन परत येतो तो हात गेलेले, पक्षी गेलेला, पडद्यावर दोन म्हातारे जेवतायत."

मग ती जरा थांबते. सगळे निरीक्षकांकडे बघतात.

"ज्याला दोन तास धरवलं नाही, तो पुढे जगाची मापं तपासायला निघाला."

यावर निरीक्षकांचा बचाव एकच होता, आणि तो वर्षानुवर्षं एकाच आवाजात मांडला जात होता. "त्या सिनेमात असा नाचच नव्हता." आपण बाहेर गेलो होतो हे ते नाकारत नसत. तो बोळ, ती लाल बादली, हातातली ताईची पर्स त्यांना लख्ख आठवत होती, आणि सरकारी नोकरीत मुरलेला माणूस दिसलेलं नाकारत नाही. पण सिनेमाही त्यांना तितकाच लख्ख आठवत होता. उंच टोपीचा माणूस, गोल जिना, पियानोवर झोपलेलं मांजर. हात नव्हते. नसलेल्या नाचासाठी आपल्याला जन्मभर शिक्षा होते आहे, हे त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबर असेलही, पण एवढं बोलेपर्यंत लोकांचं हसून झालेलं असे.

आता मुलीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. व्याही होते निवृत्त न्यायाधीश. ते निरीक्षकांशी बोलताना चष्मा काढून हातात घेत, आणि एवढा मान निरीक्षकांना खुद्द त्यांच्या खात्यानेही दिला नव्हता. ताईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस तोंडावर आला होता. व्याह्यांना बोलावणं गेलं होतं. ताईचा घसा उत्तम होता.

अशात एका सकाळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, पाणी कधी येणार नाही त्याच्या शेजारी, छोटीशी बातमी आली. तोच सिनेमा आता घरी बघायला डिस्कवर नव्याने निघणार होता. चित्र स्वच्छ केलेलं, आवाज धुतलेला, सिनेमा संपूर्ण.

संपूर्ण. निरीक्षकांनी त्या शब्दाखाली रेघ ओढली.

"अहो, साठी उलटून गेली तुमची," बायको म्हणाली. "लहान मुलांना लागते हे व्याह्यांना माहीत असेल. त्यांनाही मुलं झालीत."

"प्रश्न लागण्याचा नाही. प्रश्न नाचाचा आहे. संपूर्ण सिनेमात नाच नसला, तर माझ्यामुळे काय चुकलं? काहीच नाही. एक मुलगा बाहेर जाऊन आला, इतकंच."

"आणि असला तर?"

"नाही आहे."

"पण असलाच तर?"

निरीक्षकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती नीट बसेना म्हणून परत घातली. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांच्या मनात अब्रूच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं होतं. ते मांजर पियानोवर खरंच होतं का? तो जिना इतका उंच होता की आपण इतके बुटके होतो? हे असले प्रश्न निरीक्षकांना शोभणारे नव्हते, म्हणून ते त्यांनी कुणाला सांगितले नाहीत.

मागणी नोंदवली हे इमारतीत कळायला वेळ लागला नाही. शेजारच्या विमा एजंटने डिस्क वाटेत फुटली तर काय, असा सवाल टाकला आणि उत्तरही तोच घेऊन आला होता. तळमजल्यावर दवाखाना असलेले दंतवैद्य म्हणाले, "निरीक्षकसाहेब, डिस्क कसल्या मागवताय? हल्ली सगळं हवेतून येतं. बटण दाबलं की सिनेमा."

"हवेतून आलेल्या मालाला सील नसतं," निरीक्षक म्हणाले.

दंतवैद्यांनी यावर विचार केला. ते भले गृहस्थ. समोरच्याचं तोंड उघडं नसलं की त्यांना नेमकं काय बोलावं ते सुचत नसे.

पार्सल परदेशातून आलं, पण घरी आलं नाही. ते जकातीच्या कचेरीत अडकलं. तिथे घडलं ते संभाषण जसंच्या तसं:

"आत काय आहे?"

"सिनेमा. हॉलिवूडचा."

"कसला?"

"नाचगाण्यांचा. काळा-पांढरा."

"रंग कुठे गेले?"

"नव्हतेच."

"मग ह्यात बिघाड आहे असं लिहू का?"

"बिघाड नाही. तो तसाच काढलेला आहे."

"बरं. जुना की नवा? जुना माल असेल तर डावीकडची खिडकी, नवा असेल तर उजवीकडची."

"सिनेमा जुना आहे. डिस्क नवी आहे."

"दोन्हीची खिडकी नाही. आत एकच वस्तू आहे ना? मग एकच काहीतरी सांगा."

"नवी आवृत्ती आहे. जुन्या सिनेमाची."

"म्हणजे जुन्याला नवं म्हणून विकतायत?"

हा प्रश्न निरीक्षकांनी स्वतः आयुष्यभर लोकांना विचारला होता. त्याला उत्तर नसतं हेही त्यांना माहीत होतं. ते आधी डावीकडे गेले. डावीकडच्या बाई पाकिटावरची तारीख बघून म्हणाल्या, हे तर ताजं आहे. उजवीकडच्या गृहस्थांनी पाकिटावरच्या चित्रातल्या बायकांचे कपडे बघितले आणि म्हणाले, ह्या तर माझ्या आजीच्या काळातल्या. निरीक्षक पुन्हा पहिल्या खिडकीशी आले. तिथे जेवणाची सुट्टी झाली होती. बाकावर बसून त्यांना पहिल्यांदाच आठवले ते सगळे दुकानदार, ज्यांना आपण असंच बाकावर बसवलं होतं. वाईट वाटलं असं नाही. पण बाक इतका अरुंद असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटी कुणीतरी तोडगा काढला. पार्सलावर 'दुरुस्त केलेला माल' असा शिक्का बसला. सिनेमाचं असं वर्णन त्या कचेरीत पूर्वी झालं नसावं, पण अगदीच चुकीचं म्हणता येणार नाही.

आता कुठलाही सामान्य माणूस काय करील? घरी येईल, दार लावील, सिनेमा बघून घेईल. नाच नसला तर वाढदिवसाला डिस्क घेऊन जाईल. असला तर डिस्क कपाटात चादरींच्या खाली जाईल आणि माणूस मरेपर्यंत त्याबद्दल बोलणार नाही.

"आधी एकदा बघून घ्या," बायको म्हणालीच.

"सील पंचांसमक्ष फोडायचं असतं."

"तो सिनेमा आहे हो."

"तो पुरावा आहे. मी आधी उघडला तर उद्या ताई म्हणेल, छोट्याने हात काढून घेतले."

"सिनेमातून हात कसे काढून घेणार तुम्ही?"

"मेणाचा गोळा कसा लावतात हे तरी तुला कुठे माहीत आहे?"

बायकोने विषय सोडून दिला. एवढ्या वर्षांच्या संसारात ती सगळ्यात जास्त विषय सोडण्यातच तरबेज झाली होती. डिस्क प्लास्टिकच्या वेष्टनात तशीच राहिली. निरीक्षक मात्र येता-जाता तिच्यावरचं चित्र न्याहाळत. उंच टोपीचा माणूस होता. जिन्याची कड दिसत होती. मांजर दिसत नव्हतं. एकदा त्यांनी भिंग आणून पाहिलं. एक काळा ठिपका सापडला, तो मांजराचा असेल किंवा छपाईचा.

पुढची अडचण दंतवैद्यांनी शोधून काढली. पाकिटाच्या पाठीवर पृथ्वीचं छोटं चित्र होतं आणि त्यात एक आकडा. दंतवैद्य म्हणाले, ह्या कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडलेत, एका तुकड्याची डिस्क दुसऱ्या तुकड्यातल्या यंत्रावर चालत नाही. तुमच्या घरचं यंत्र ह्या डिस्कला ओळखही दाखवणार नाही.

"आख्ख्या पृथ्वीसाठी एक किलो एकच असतो," निरीक्षक दुखावल्या आवाजात म्हणाले.

"माझ्या दवाखान्यातलं यंत्र चालेल. मेहुण्याने परदेशातून आणलंय, ते काहीही खातं."

"मग द्या एक दिवस."

"देता येत नाही. एका पेशंटने बधीर तोंडाने उचलून नेलं होतं एकदा. तेव्हापासून मी ते टीव्हीसकट भिंतीला ठोकलंय."

म्हणून ताईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस दाताच्या दवाखान्यात ठरला.

"दाताच्या दवाखान्यात?" ताई फोनवर म्हणाली. "माझे दात तरी कुठे उरलेत?"

रविवारी दुपारी सगळे जमले. बाहेरच्या खोलीत बाकं होती, भिंतीवर किडलेल्या दाढेचं माणसाएवढं चित्र होतं आणि समोर टीव्ही. ताईचे गुडघे बाकावर बसू देईनात. आतल्या खोलीचं दार उघडं टाकलं की पेशंटच्या खुर्चीतून पडदा सरळ दिसत होता, तेव्हा ताईला त्या खुर्चीत बसवलं. दंतवैद्यांनी कळ दाबली. खुर्ची मागे कलली, पाय वर आले.

"छोट्या, हे मागे जातं बघ," ताई म्हणाली. पंच्याहत्तर वर्षांत तिला इतकं आरामशीर कुणी बसवलं नव्हतं. त्या आसनावरून, मांडीवर पर्स ठेवून, तिने जमलेल्यांना आणि विशेषतः व्याह्यांना गोष्ट सांगितली. पहिल्या आठवड्यात तिकिटं नाहीत, दुसऱ्या आठवड्यातला शनिवार, फूल, पक्षी, तिसऱ्या मुलीचं हसू, घाई. दोन तास धरवलं नाही.

व्याह्यांनी चष्मा काढला नाही. ते चष्म्यातूनच निरीक्षकांकडे बघत राहिले, आणि त्यांच्या मिशीचं एक टोक हललं.

"आता पुरावा," निरीक्षक उठून म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "व्याही, तुम्ही पंच. डॉक्टर, तुम्हीही. सील शाबूत आहे, बघून घ्या."

व्याह्यांनी वेष्टन उजेडात धरलं, फिरवलं, मान डोलावली. दंतवैद्यांनी दात खरवडायच्या हत्याराने ते फाडलं. डिस्क आत गेली. यंत्राने घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज केला आणि पडद्यावर जाड चष्म्याच्या एक बाई येऊन बोलू लागल्या.

"जाहिरात आहे. पुढे ढकलतो," दंतवैद्य म्हणाले, आणि बाई गेल्या.

सिनेमा सुरू झाला तो पडद्याच्या मधोमध, चौकोनात. दोन्ही बाजूंना काळं.

"बाजूला काय झाकलंय?" विमा एजंटने विचारलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

दंतवैद्यांनी बटण दाबून चित्र ताणलं. नाचणाऱ्या मुली एकदम जाडजूड झाल्या आणि उंच टोपीच्या माणसाची टोपी आडवी पसरली.

"माप मारताय तुम्ही," निरीक्षक कडाडले. "जेवढं आहे तेवढंच दाखवा."

मुली पुन्हा बारीक झाल्या. गोल जिना आला. तो खरंच उंच होता. आणि मग पियानो आला, आणि पियानोवर मांजर होतं. झोपलेलं. पियानो वाजायला लागला तरी उठलं नाही, फक्त शेपटीचं टोक तालावर हललं.

"मांजर," निरीक्षक म्हणाले. मोठ्याने म्हणाले असावेत, कारण बायकोने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पुढचा अर्धा तास ते कशासाठी आलेत हेच विसरून गेले. आपल्याला आठवतंय त्यातलं किती खरं होतं, हे बघण्यात त्यांना असा नाद लागला की ओठ हलवत ते पुढच्या गोष्टी आधीच सांगू लागले. आता छत्री येईल. आली. आता तो टोपी फेकील. फेकली. सात वर्षांचं ते पोर डोळे उघडे ठेवून बसलं होतं तर. काही म्हणजे काही सुटलं नव्हतं त्याच्या नजरेतून.

आणि मग पडद्यावरचे दिवे गेले.

काळोखात एक पांढरा हात उमलला. त्याच्या शेजारी दुसरा. मग किती ते मोजायचं निरीक्षकांना सुचलं नाही, आणि हे त्यांच्या बाबतीत नोंद घेण्यासारखं. हात जवळ आले आणि त्यांचं फूल झालं. फूल हळूच मिटलं, आडवं झालं, आणि त्याचा पक्षी झाला. पक्ष्याने पंख मारले. दवाखान्यात कुणी हललं नाही. पक्षी वर वर गेला, लहान झाला, मग नव्हताच. दिवे आले. तिसरी मुलगी भलतीकडे तोंड करून उभी होती. तिने खालचा ओठ दातांत धरला आणि हनुवटी खांद्यात लपवली.

"हे बघ," आतून ताईचा आवाज आला. जिंकल्याचा नव्हता. भलताच हळू होता. "हे बघ, आहे."

सिनेमा संपला. केक कापला गेला. व्याह्यांनी निरीक्षकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, व्याही. सात वर्षांच्या आरोपीला कायदाही हात लावत नाही."

गुन्हा सिद्ध होण्यापेक्षा ही माफी वाईट होती. निरीक्षक दाढेच्या चित्राखाली उभे राहून केक खात होते आणि तो कशाचा आहे हे त्यांना कळत नव्हतं. नोकरीत त्यांनी पुरावा स्वतः आणून स्वतःवरच उलटवणारे दुकानदार पाहिले होते. अशांना त्यांच्या खात्यात एक शब्द होता, तो इथे देण्यासारखा नाही.

तेवढ्यात व्याही बाकावर बसले ते रिमोटवर.

जाड चष्म्याच्या बाई परत आल्या. या वेळी त्यांना कुणी ढकललं नाही, कारण रिमोट कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. खाली ओळी उमटत होत्या. व्याही त्या वाचून त्यांचा अर्थ सांगू लागले, निकालपत्र वाचावं तसे, एका सुरात.

"ह्या बाई जुन्या सिनेमांच्या अभ्यासक. म्हणतात की सिनेमा कंपनीला फार लांब वाटू लागला. पण परदेशी जाणाऱ्या प्रती तोवर जहाजावर चढल्या होत्या. म्हणून तिथल्या सगळ्या थिएटरांना तारा गेल्या. पहिला आठवडा संपला की हातमोज्यांचा नाच कापून टाका. सगळ्यांनी कापला. तो तुकडा जगात कुठेच उरला नाही असं समजत होते. अलीकडे सिनेमाची यंत्रं चालवणाऱ्या कुणाच्या घरी, माळ्यावर, एका डब्यात तो सापडला, आणि आता पहिल्यांदाच परत जागेवर बसवला आहे." व्याही थांबले. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे दुसऱ्या आठवड्यापासून हा नाच कुठल्याही थिएटरात नव्हता."



"ताई," दंतवैद्य म्हणाले, "तुम्ही कधी गेला होतात म्हणालात?"

"दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी," ताईने नाही, बाकी सगळ्यांनी एका दमात सांगितलं.

"नव्हता," निरीक्षक म्हणाले. केकची बशी त्यांनी हळूच दाढेच्या चित्राखालच्या टेबलावर ठेवली. "मी म्हणत होतो. नव्हताच तो."

इथे ते थांबले असते तर गोष्ट त्यांच्या विजयात संपली असती. पण माणूस निरीक्षक होता. एक माप बरोबर भरलं म्हणून तो दुसरं तपासायचं सोडत नाही. ते आत गेले, ताईच्या खुर्चीशी उभे राहिले आणि दुकानदारांशी बोलताना काढायचे तो मऊ आवाज काढून म्हणाले,

"ताई, त्या मुलीचं हसू जरा करून दाखव."

ताईने दाखवलं. ओठ, हनुवटी, खांदा. पडद्यावरचं आणि हे, यांत केसाचा फरक नव्हता.

"हे तुला मैत्रिणीने सांगितलं."

"हो."

"सांगून असं येतं?"

"येतं आपोआप," ताई म्हणाली.

 असं उत्तर मिळालं की बोलायचं नसतं, नुसतं उभं राहायचं. ताईने खुर्चीच्या कळा चाचपल्या. एक दाबली गेली आणि ती आणखी मागे कलली. आता तिला छताशिवाय काही दिसत नव्हतं. छताकडे बघतच ती बोलली.

"पहिल्या आठवड्यात मी जाऊन आले होते. एकटी. घरी सांगितलं होतं टायपिंगच्या क्लासला जाते."

"एकटी?"

"मग काय मिरवणुकीने जाणार होते?"

"आणि तिकिटं मिळत नव्हती ते?"

"मिळत होती की. ते घरच्यांसाठी होतं. सांगून सांगून मलाही पाठ झालं."

"मग दुसऱ्यांदा कशाला गेलीस?"

"तुला दाखवायला," ताई म्हणाली. "अरे, एवढं बघून आले आणि घरी कुणाशी बोलायची सोय नाही. बोलले तर क्लासचं बिंग फुटणार. आठवडाभर नुसती तुंबले होते. म्हटलं छोट्याला घेऊन जावं, मग निदान एका माणसाशी त्या हातांबद्दल बोलता येईल. आणि तो नाच आलाच नाही. मी उलटसुलट विचार केला. म्हटलं आपण बाहेर गेलो तेवढ्यात गेला असणार. दुसरं काय समजायचं मी?"

"म्हणून माझ्या नावावर?"

"नुसती वेळ चुकली म्हटलं तर लोक हसत नाहीत रे," ताई म्हणाली. "तुझ्या नावावर हसतात."

बाहेरच्या खोलीत विमा एजंटला हसू आलं. बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की ते गेलंही.

निरीक्षक खिडकीशी जाऊन उभे राहिले. जन्मभराचा खटला जिंकला होता, तोही न्यायाधीशांसमोर. पण छाती फुगायला हवी तिथे एक सतरा वर्षांची मुलगी येऊन बसली होती. पोटात आख्खा पक्षी घेऊन आठवडाभर गप्प राहिलेली. तिने ज्याला म्हणून गाठलं, तो मांजर बघत बसला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "ते हात परत लावा."

रिमोट शोधावा लागला. व्याह्यांना उठवावं लागलं. मग दिवे गेले, फूल झालं, पक्षी झाला. निरीक्षक ताईच्या खुर्चीच्या हातावर बसले होते, आणि खुर्ची त्यासाठी बनवलेली नसल्यामुळे करकरत होती.

"बघितलास?" ताईने विचारलं.

"बघितला."

"मग बोल आता."

"त्या डावीकडच्या हाताला," निरीक्षक म्हणाले, "अंगठ्यापाशी शिवण उसवलीय."

"हो ना. मला वाटलं कुणाला दिसलीच नसेल."

"आणि पक्षी होताना एक हात उशिरा येतो."

"तीच ती. तिसरी. पुढे चुकणारी." ताई उठून बसायची धडपड करू लागली. "थांब, ते मांजर त्या वेळी कुठे असतं ते तुला सांगते. नाही, आधी मला खाली उतरव. डॉक्टर, सिनेमा थांबवा तेवढा. थांबवा म्हणजे पुढे जाऊ देऊ नका. छोट्या, माझी पर्स धर. आलेच."

दवाखान्याच्या मागच्या अंगाला अरुंद बोळ होता, त्याच्या टोकाला दार. दार लागलं. निरीक्षक बोळात उभे राहिले. भिंतीवर आग विझवायचा लाल नळकांडं टांगलेलं होतं, आणि त्यांच्या हातात बायकी पर्स होती. काहीतरी ओळखीचं वाटून त्यांनी एकदा नळकांड्याकडे बघितलं, एकदा पर्सकडे, आणि मग बंद दाराकडे. बाहेरच्या खोलीतून व्याही विचारत होते, पुढचा भाग सुरू करायचा का.

"थांबा," निरीक्षक म्हणाले. "ताई आत आहे."

त्या दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी, सिनेमा ऐन रंगात असताना, बाहेर जायची घाई ताईला लागली होती.